झाकणाखालची साय

बाबा, तुमच्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली दुधावरच्या सायीसारखा चिकट थर जमला होता. डिचोलीच्या गॅरेजवाल्याने तो बोटाने पुसून दाखवला आणि निकालच देऊन टाकला, "बाय, इंजिनांत उदक गेलां. उघडूंक जाय, ना जाल्यार भंगारांत घाल." भंगार हा शब्द त्याने इतक्या सहज उच्चारला की मला रागच आला. आई गेली, तुम्ही गेलात, मुळगावच्या घरात तुमचं म्हणून बोलतंचालतं तेवढंच उरलंय.

तुम्ही खाणीच्या वर्कशॉपमध्ये होतात. मी डबा घेऊन यायचे तेव्हा डंपरचं तेल छोट्या बाटलीत भरत असायचात, तपासणीला पाठवायला. एवढ्या मोठ्या गाडीचं एवढंसं तेल काय सांगणार, असं मी विचारायचे आणि तुम्ही चिंधीला हात पुसत म्हणायचात, "माणूस फटी मारता गो, तेल मारिना. आदीं तेल तपासचें, मागीर इंजिन उघडचें." माणूस खोटं बोलेल, तेल बोलणार नाही, तेवढंच धरून बसले. इंजिन गरम करून बाटलीभर तेल काढलं आणि प्रयोगशाळेत पाठवलं. उत्तर येईपर्यंत घास गोड लागला नाही.

इंजिन ठणठणीत आहे, बाबा. धातूची झीज अगदी थोडी, रेडिएटरचं पाणी तेलात उतरलेलंच नाही. आहे ती ओल आणि न जळलेलं पेट्रोल. गाडी थोडा वेळ चालू करून बंद करता, तेल तापतच नाही; तेल बदला आणि गाडी लांब न्या, असं त्यांनी कळवलं. म्हणजे हे माझंच कर्तृत्व. शेवटच्या आजारपणात तुम्ही रोज सकाळी खाटेवरून म्हणायचात, "चालू कर गो, आयकूं दी." तुमच्यामागे इतकी वर्षं मी ती अंगणात नेमाने चालू करत आले, तुळशीला पाणी घालावं तशी. करायला गेले एक आणि झालं भलतंच. तुम्ही हसला असतात.

तेल बदललं. काल सकाळी गाडी चालू केली नाही. अंगण इतकं गप्प झालं की चहा ओतल्याचा आवाजही मोठा वाटला. पोदेर पाव देता देता थबकला. "बाय, गाडयेचो आवाज येवंक ना आज. बरी आसा मूं?" एवढ्या गावात कुणीतरी माझी खबर ठेवत होतं, तीही त्या आवाजावरून. मला रडूच आलं. गाडी लांब न्यायला सांगितलंय म्हटल्यावर तो म्हणाला, "मागीर व्हर गो!"

नेली. चोपड्याचा पूल ओलांडून मोरजीच्या किनाऱ्यापर्यंत. तिथे जो तो कुणाबरोबर तरी आलेला. मी शेजारच्या सीटवरची पर्स उगाच सरळ करत बसले. इंजिन चांगलं तापलं होतं, म्हणून परत फिरले.

हे पत्र कुठे धाडणार? पण एक सांगून टाकते. मी ती रोज गाडीसाठी चालू करत नव्हते, बाबा. तो आवाज आला की घरातून अजून कुणीतरी कामाला निघालंय असं वाटायचं. आज मी चावी खुंटीवरच राहू दिली आणि पोदेर यायच्या आधीच फाटकाशी जाऊन उभी राहिले.