तुम्हाला आधी कळलं

डॉक्टर नोहबाई,

ह्ये-रान वजनासाठी तुमच्याकडे येऊ लागली, तेव्हापासून मी तुमच्यावर जळतो. "हा आजार आहे, तुमचा आळस नाही," असं तुम्ही पहिल्याच भेटीत म्हणालात आणि ती घरी येऊन रडली. मी हेच कितीदा म्हटलं होतं, पण ते नवऱ्याचं बोलणं. आता तुमच्याकडे यायचं असलं की ती लिपस्टिक लावते.

काल मी मुद्दाम सोबत आलो. बाहेर बाकावर बसलो होतो आणि दार नीट लागलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, "घरी कुणाची मदत होते?"

"नवऱ्याची," ती म्हणाली. "रोज माझ्याबरोबर नदीकाठी चालतो. गुडघे दुखतात त्याचे, पण सांगत नाही. त्याला वाटतं, मला कळत नाही."

लग्नानंतर इतकी वर्षं मी असं काहीतरी ऐकायची वाट पाहिली, आणि ते मिळालं तुम्हाला.

बसमध्ये मी विचारलं, "काय बोललीस आत?"

"काही नाही, नेहमीचंच," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

संध्याकाळी चालताना मात्र तिने आपणहून पावलं हळू केली. मी काही बोललो नाही. बोललो असतो, तर तेही तिने तुम्हालाच सांगितलं असतं.

तुमचा हेवा करणारा,
छे दोंग-प्यो