तीन वर्षं कोरडी

कुंभकोणम्, १२ फेब्रुवारी २०२५

ती. भुवनाअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलावं तर सासूबाई शेजारीच बसलेल्या असतात, म्हणून लिहिते. पवित्रा पुन्हा अंथरूण ओलं करू लागली आहे. तीन वर्षं अगदी कोरडी होती, आणि आता महिनाभर रोज तेच. सात वर्षांच्या घोडीला सकाळी स्वतःची चादर धुवायला लावते, तरी फरक नाही. दुपारी चारनंतर पाण्याचा थेंब देत नाही. तांब्या माळ्यावर ठेवते.

वर हट्ट किती! सासूबाईंची पूजेच्या पाण्याची सोवळ्यातली घागर, तो मडीचा कुडम, तुला ठाऊक आहे, अंघोळीशिवाय मीही त्याला शिवत नाही. ही कारटी त्यातलंच पाणी पिताना तीनदा सापडली. सासूबाईंनी दर वेळी सगळं पाणी ओतून दिलं, कुडम घासला आणि माझ्या माहेरचा उद्धार केला. म्हणजे तुझाही! चौथ्यांदा मी तिला मारलं. पोंगलला शिवलेला परकरही कमरेवरून घसरतो, शिंप्यानं मापच चुकवलं. एकेक ताप.

शनिवारी तिरुनागेश्वरच्या देवळात अभिषेक करवणार आहोत. तू तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स होतीस, काही औषध असेल तर कळव. हसलीस तरी चालेल, माया तेवढी आटू देऊ नकोस.

तुझी,
सुप्रजा

तंजावर, १५ फेब्रुवारी, सकाळी

चि. सौ. सुप्रजास,
अनेक आशीर्वाद.

पत्र आत्ता मिळालं. तुझा आणि तुझ्या नवऱ्याचा, दोघांचेही फोन बंद, देवळात असाल. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मला हलता येत नाही, म्हणून शेजारच्या गोमतीला हे देऊन बसनं पाठवते आहे.

वॉर्डात आम्ही आईला पहिलं हेच विचारत असू: मूल कधीच कोरडं नव्हतं, की कोरडं राहून पुन्हा सुरू झालं? पहिल्यात बहुधा वाट पाहतात, दुसऱ्यात कारण शोधतात. पवित्रा दुसऱ्यातली. कुडमातलं पाणी पिणं हा हट्ट नाही गं, ती तहान आहे. शिंपीही चुकला नाही, पोर वाळली आहे. मला साखरेची भीती वाटते. ती लहान मुलांनाही होते. मागेल तेवढं पाणी दे आणि हे वाचताच तिला इस्पितळात ने. रक्तातली साखर आजच तपासायला सांग. सोमवारपर्यंत थांबू नकोस. रागावले नाही, घाबरले आहे.

भुवना

कुंभकोणम्, २२ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर नुसती रडत राहिले, म्हणून आता नीट लिहिते. देवळातून परतलो तर गोमती दारात उभी. तसेच इस्पितळात गेलो. साखर पाचशेच्या वर! आणखी दोन दिवस गेले असते तर शुद्ध हरपली असती, असं डॉक्टर म्हणाले. आता इन्सुलिन सुरू आहे, पोर बरीच हुशारली आहे. मी सुई टोचायला शिकते. सासूबाई तोंड फिरवतात, पण तिचा हात सोडत नाहीत.

तहानलेल्या पोरीचं पाणी मी माळ्यावर ठेवलं, अक्का. आणि वर मारलं. दुसरं काही सुचतच नाही.

काल संध्याकाळी घरी आलो. सासूबाईंनी अंघोळीचीही वाट न पाहता मडीच्या कुडमात पेला बुडवला आणि पवित्राच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, पण प्यायली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूच विचारलं, की चार वाजून गेलेत, तरी पिऊ का?

माझ्यावरचा लोभ आता थोडा तिच्याकडे वळव.

सुप्रजा