सोड

प्रिय चिमणे,

बोट पुन्हा चालू झाली. तुझा दादा आता सुकाणूवर असतो आणि बॉयलरला कोळसा मी घालते. तिकिटं फाडता फाडता भट्टीवर नजर ठेवायची म्हणजे तारेवरची कसरत. हात भाजतात, पण बोटीवर आता कुणी मारत नाही, त्यामुळे भाजण्याचं काही वाटत नाही.

बाबांचं तुला उडत उडत कळलं असेल. खरं काय झालं ते ऐक. नदीला ओढ होती, धक्क्याला बोट एका दोरावर उभी होती. कोळसा ओला, वाफ चढेना. त्यांनी दादाच्या पाठीत फावडं हाणलं, मग मानगूट धरून त्याचं तोंड भट्टीच्या उघड्या दाराकडे रेटलं. त्याच्या भुवया जळल्याचा वास आला गं. तुझं मनगट त्यांनी मोडलं त्या दिवशीही मी ‘अहो, सोडा’ म्हणत राहिले होते. जन्मभर तेवढंच म्हणत आले, पालथ्या घड्यावर पाणी. या वेळी मात्र तोंडातून निघालं, ‘सोड!’

मी नवऱ्याला अरे-तुरे करेन हे दोर सांभाळणाऱ्या गप्प्याच्या स्वप्नातही नसणार. तिकिटं झाली की मी त्यालाच ‘सोड’ म्हणते, म्हणजे दोर सोड. त्याने निमूट खुंट्यावरचे वेढे काढले. बोट ओढीला लागली, दोर सुसाट धावला आणि त्याच्या वेटोळ्यात बाबांचा पाय होता. हाड मोडलेलं नदीच्या खळखळाटातही ऐकू आलं. दादा सुटला. त्यांचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

गप्प्या रडत माझ्या पाया पडायला आला. त्याला म्हटलं, बाबा रे, तू बरोबर ऐकलंस.

पाय गेला तरी जित्याची खोड कुठे जाते? खाटेवरून तांब्या भिरकावतात. काल कुबडी माझ्या कपाळात बसली, टाके पडलेत. त्यांच्या पायाची जखम भरेपर्यंत त्यांचं सगळं मीच केलं. आता आत्या आली आहे. भावाचं करायला ती खंबीर आहे, आणि तिच्यावर हात उचलायची त्यांची छाती नाही.

सगळे विचारतात, ‘सोड’ कुणाला म्हणालीस? त्यांनाच म्हणाले होते. त्यांनी काही सोडलं नाही, म्हणून मी त्यांना सोडलं. सोमवारच्या बोटीने येते. यापुढे कामाला बोट आणि मुक्काम तुझ्याकडे. धक्क्यावर उभी राहा. दोर मी टाकीन, तू धर.

तुझीच,
आई