सोप्यावरून ऐकलेले सामने

प्रिय सान्तान,

काल मृतांचा दिवस होता. मिस्सा आटोपून सिमितेरीत आले, तुझ्या थडग्यावरचं गवत काढलं, मेणबत्ती लावली. वारा होता, ती दोनदा विझली. तुला सांगायला काल माझ्याकडे काही नव्हतं. आज आहे, म्हणून लिहायला बसले.

आपल्या भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. आणि मी तो पाहिला रे, आत बसून.

तुला आठवतं, लग्नानंतरच्या पहिल्याच मॅचला मी चहा घेऊन आत आले आणि विकेट पडली? तेव्हापासून मला कायमची शिक्षा. "फिलू, तू भितर इलंस काय विकेट पडता. भायर रव गो." मी म्हणायचे, सिस्टरांनी शाळेत शिकवलंय, असल्या गोष्टी मानणं पाप आहे. तू टीव्हीवरची नजर न काढता म्हणायचास, "पाप माझ्या माथ्यार. तू भायर रव."

मग मी बाहेर पडवीत, सोप्यावर. कधी तांदूळ निवडत, कधी नुसतीच माडांकडे बघत. सारे मोठे सामने मी तुझ्या आवाजावरून पाहिले. तू खोकलास की चौकार अडला, तू गप्प झालास की कोणीतरी बाद. मुंबईतला तो शेवटचा षटकार बसला, तेव्हा तू अनवाणी बाहेर धावत आलास आणि माझे दोन्ही हात धरलेस. "तू भायर रवलंस म्हणान जिकलो!" केवढा मान दिलास मला. पण षटकार काही दाखवला नाहीस.

आणि मग अहमदाबादचा अंतिम सामना. तू खाटेवर होतास, नळी लावलेली. मी सवयीने उठले, तर तू पदर धरलास. "आज खंय जाव नको. हयच बस."

मी बसले. आपण हरलो. तू भिंतीकडे तोंड केलंस आणि थोड्या वेळाने म्हणालास, "तुझ्यामुळे नाय गो." मी विचारलंही नव्हतं, मग का म्हणालास तसं? नाताळाच्या आधी तू गेलास, आणि ते वाक्य माझ्याकडे राहिलं. तुझी शेवटची मॅच मी आत बसून घालवली, हे मनातून जाईना. पुढच्या वर्षी मुलगे जिंकले, तेव्हा घरात मी एकटी होते, तरी टीव्हीचा आवाज मोठा करून सोप्यावरच बसले. म्हणजे तुझंच खरं होतं, असं वाटून आणखी रडले.

काल शेजारची सुलभा मॅच बघायला आली. तिकडे पावसाने खेळ उशिरा सुरू झाला. आपल्या धावा चांगल्या झाल्या, पण त्यांची कर्णधार काही केल्या बाद होईना. तिचं शतक झालं. मी बाहेर, पायरीवर, हातात रोझरीची माळ. सुलभा दारात आली.

"हय काय करतंस गो?"

"माझ्यामुळे विकेट पडतात."

"अगो, मग भितर ये! आता तेंचीच विकेट व्हयी ना?"

मला हसू आलं. इतकी वर्षं ही गोष्ट तुलाही सुचली नाही, मलाही नाही. तरी पाय उचलेना. मग ती म्हणाली, "बायलमाणसां खेळतत आणि तू बायलमाणूस भायर? चल." तिने मला हाताला धरून आत नेलं आणि तुझ्याच खुर्चीत बसवलं.

थोड्याच वेळात चेंडू उंच गेला. आपल्या मुलीच्या हातातून झेल निसटला, पुन्हा निसटला. मग तो तिच्या एका हातात राहिला. कर्णधार बाद! शेवटचा झेल आपल्या कर्णधाराने मागे पळत जाऊन घेतला, तोही मी डोळ्यांनी पाहिला. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. सुलभा रडत होती. मी तुझ्या खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते.

तेव्हा तुझं ते "तुझ्यामुळे नाय गो" आठवलं. सान्तान, मी आत आले की मॅच जाते, असं तू मानायचास. तरी त्या दिवशी पदर धरलास. तुला मी बाजूला हवी होते, मग निकाल काहीही लागो. एवढंच होतं ना ते?

यापुढे प्रत्येक सामना मी आत बसून बघेन. आपण हरलो, तरी उठणार नाही.

तुझी,
फिलू