मीटिंगचा टॉवेल

शिवाजी पेठ, कोल्हापूर
सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

ती. मधुताई,

नमस्कार. इथं सगळं ठीक. हातकणंगल्यात तुझं, भावजींचं आणि तुझ्या शाळेचंही ठीक असेल. पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोन करावा तर आई शेजारी येऊन बसते. मेसेज टाकावा तर तू भाकरी थापता थापता तो मोबाईलला मोठ्यानं वाचायला लावतेस आणि सगळं घर ऐकतं. म्हणून कागद. हाताची सवय गेलीय, चार ओळींतच बोटं दुखायला लागली.

आईचा गुडघा कुरकुरतो, पण भाजीला तीच जाते. मी आणलेली मेथी म्हणे म्हशीनंसुद्धा तोंडात धरली नसती.

आबा मजेत आहेत. एसटीतून रिटायर झाल्यावर वर्षभर ते कसे चिडचिडे झाले होते, आठवतं ना? मी पुण्याहून येऊन घरून काम करायला लागलो आणि त्यांना नवी ड्यूटी लागली. माझ्या मीटिंगा संध्याकाळी सहा ते आठ, परदेशातल्या साहेबांशी. आणि आपली गल्ली कसली, तुला सांगायला नको. म्हणून आबांनी युक्ती काढली. सहाला गॅलरीच्या कठड्यावर लाल टॉवेल लावायचा. टॉवेल दिसला की गल्लीनं गप्प बसायचं. तू दिवाळीत हसली होतीस, पण गल्ली खरंच ऐकते. पोरं फुटबॉल दुसऱ्या बोळात नेतात. खालच्या गॅरेजवाल्या सयाजीचं हलगीचं पथक तर इथला सराव बंद करून पंचगंगेच्या घाटावर जातं. ज्या पेठेत कुणी कुणाचं ऐकत नाही, ती एका टॉवेलाचं ऐकते. आबा आठला टॉवेल काढून घडी घालतात. इतक्या निगुतीनं त्यांनी कधी बनियनचीही घडी घातली नसेल.

आत्ता साडेसहा झालेत. टॉवेल लागलाय. दार बंद आहे, लॅपटॉप उघडा आहे, कानाला हेडफोन आहे. आणि मी तुला पत्र लिहितोय.

ताई, मीटिंग नाहीये. नोव्हेंबरपासून नाहीये. काम गेलं.

कसं गेलं ते मलाच धड कळलेलं नाही. कंपनीनं एक नवा एआय प्रोग्राम घेतला. मी आठवडाभर बसून जो कोड लिहायचो तो हा चहा निवायच्या आत लिहितो. त्याला आमची पद्धत शिकवायचं काम माझ्याकडंच होतं. मी मनापासून शिकवलं, त्याच्या चुका दाखवल्या, आणि खरं सांगू, तो शिकतोय बघून मला आनंदही व्हायचा. नंतर एक दिवस गोड बोलून त्यांनी माझे आभार मानले. आता राग धरायचा तर कुणावर? अजून कुठं काही अडलं की त्याच प्रोग्रामला विचारतो. माझा नव्या नोकरीचा अर्जसुद्धा त्यानंच लिहून दिला, आणि चांगला लिहिला.

कबनूरला मामाचे माग बंद पडले तेव्हा कुणाला सांगावं लागलं नव्हतं. खडखडाट थांबला आणि शेजारी आपणहून दारात आले. माझं काम थांबलं तर ऐकू काय येणार? गल्ली आधीच गप्प होती, ती तशीच गप्प राहिली. पहिल्या दिवशी सांगणार होतो. पण सहाला आबा टॉवेल घेऊन निघाले आणि मी खोलीत जाऊन दार लावलं. मग रोजचंच झालं.

परवा आठनंतर घाटावर गेलो. पथकातली पोरं चिपाडं पेटवून हलग्या शेकत होती.

"सुटली व्हय मीटिंग?" सयाजीनं विचारलं.

"हो. तुमचं अजून चाललंय?"

"कुठलं काय. नदीचा गारवा हाय, कातडं सैल पडतंय. घटकाभर वाजवायचं, घटकाभर शेकत बसायचं. शिवजयंती तोंडावर आली आन् हात एक बसंना. पन असू दे. आबांनी सांगितलंय, पोराचं सायबाशी बोलणं असतंय, कळ काढा. आमी काढतूय की."

मला चहा पाजला त्यानं. टॉवेल काढावा तर आबांची ड्यूटी जाते, आणि गल्लीत त्यांची मान खाली जाते. ठेवावा तर त्या पोरांची मिरवणूक जाते. इतकी वर्षं मी लोकांचे गुंते सोडवून पोट भरलं आणि मला एका टॉवेलाचं काय करायचं ते ठरवता येईना.

पत्र इथं थांबवून उठलो होतो. पुढचं आता लिहितोय.

गॅलरीत जाऊन टॉवेल काढला. खाली पथक घाटाकडं निघालं होतं. सयाजीनं वर बघितलं, थांबला, आणि हलगीवर एक थाप मारून बघितली. कट्ट्यावर बसलेले आबा ताडकन उठले.

"ए सयाजी, कळतंय का? मीटिंग हाय वर!"

"टॉवेल न्हाय की ओ आबा."

आबांनी वर बघितलं. टॉवेल माझ्या हातात होता. मी म्हणालो, "आबा, वाजवू द्या त्यांना. मीटिंग न्हाय. दिवाळीनंतर एकपण झालेली न्हाय."

सगळी गल्ली बघत होती. मग आबा सयाजीकडं वळले. "वाजवा की मग. माझ्या तोंडाकडं काय बघताय?"

आणि पथक तिथंच सुरू झालं. त्या आवाजात आबा पुन्हा माझ्याकडं बघून काहीतरी बोलले. ओठ हलले, पण मला एक अक्षर ऐकू आलं नाही. शिवी होती की वर येतो म्हणाले, माहीत नाही. अजून वर आलेले नाहीत. हलगी थांबली की मला खाली जावं लागेल, आणि ती थांबूच नये असं वाटतंय.

रविवारी ये. ते काय बोलले ते तू विचार. मला धीर होणार नाही.

शेवटी अक्षर हललंय, ते हलगीमुळं असं समज.

तुझा धाकटा,
मोहित