कोरी तारीख

सोमवार, ६ फेब्रुवारी २००६, श्तिप

आज शिवणकामाला नऊ नव्या बायका घेतल्या. प्रत्येकीच्या दोन सह्या – एक नेमणुकीवर, दुसरी राजीनाम्यावर. राजीनाम्यावर तारीख नाही. ती मालक म्हणेल तेव्हा मी घालायची. सगळे कागद माझ्या टेबलाच्या खणात, चावी माझ्या गळ्यात. फक्त माझा कागद मालकाच्या तिजोरीत!

“बाजार लवचीक झालाय वास्का, आपणही व्हायला हवं.” आमचा मालक किर्चो म्हणतो. आपला देश युगोस्लाव्हियात होता तेव्हा इथल्या सूतगिरणीत हाच युनियनचा पुढारी होता. आता लवचीक आम्ही, हा ताठ.

सोमवार, १३ फेब्रुवारी

त्रायांकाला दिवस गेलेत. एकेचाळिसाव्या वर्षी! संडासात नेऊन कानात सांगितलं आणि रडली. गिरणीत अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर – पगाराच्या वहीत मी नावं लिहायची, ती आकडे. तिचा इंग्रजी 4 छापील आकड्यासारखा मिटलेला नसायचा; वरून उघडा, उलट्या खुर्चीसारखा. किती चिडवायचो! आता ती दहा तास उभ्याने इस्त्री मारते.

कायद्याने नऊ महिन्यांची पगारी रजा आहे. पण राजीनामा दिलेल्या बाईला कसली रजा!

“किर्चोला कळू देऊ नकोस गं वास्के.”

सोमवार, २० फेब्रुवारी

ती इस्त्रीपाशी चक्कर येऊन पडली. किर्चोला कळलंच.

बुधवार, २२ फेब्रुवारी

“त्रायांकाचा कागद काढ. पहिली तारीख घाल.” किर्चो म्हणाला. चावी घरी राहिली असं मी सांगितलं. चावी गळ्यात होती, पोलक्याच्या आत.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

तिचा कागद जाळला. कॉफीच्या शेगडीवर. घाबरलेय, पण जेवण गोड लागलं.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

किर्चोने खण उपसला. त्रायांकाचा कागद मिळाला नाही. मग त्रायांकाला वर बोलावलं. अर्धा तास दार बंद. मी तिला आधीच बजावलं होतं – “नव्या कागदावर सही करू नकोस, मेलीस तरी!” बाहेर आली ती माझ्याकडे न बघता जिना उतरली.

सोमवार, २७ फेब्रुवारी

माझा राजीनामा मंजूर झाला. सही माझी, सहा वर्षांपूर्वीची. तारीख शुक्रवारची, 24. त्यातला 4 वरून उघडा, उलट्या खुर्चीसारखा.

“बसून काम आहे वास्के,” माझ्या टेबलामागून त्रायांका म्हणाली. “ डॉक्टर म्हणाले, उभी राहिलीस तर बाळ राहायचं नाही.”

चावी गळ्यातून काढून मीच तिच्या हातात दिली. खणात सगळ्यात वर तिचा नवा राजीनामा होता. तारखेची जागा कोरी.