छज्ज्याचं वाचन

१४ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुमच्याकडे सगळे मजेत असतील असं लिहायची पद्धत आहे, पण तुझे सासरे आठ दिवस धड जेवत नाहीत हे मला ठाऊक आहे, तेव्हा ते राहू दे. आई ठीक. तिचा गुडघा आणि तिचा स्वभाव, दोन्ही होते तसेच. फोनवर तू मध्येच बोलशील आणि मी गप्प बसेन, म्हणून लिहितोय.

ऑफिसात शुकशुकाट आहे. मला बघितलं की चौघंही संगणकात डोकं खुपसतात. बाबा गेल्यावर मी वेळा बदलल्या, टेबलं हलवली, हाताने नकाशे काढणं बंद केलं. सगळे कुरकुरले, मग गप्प झाले. मला वाटलं, पचलं. तू म्हणाली होतीस, "जरा दमानं घे रे." मी म्हटलं, "ऑफिस आहे, देऊळ नाही."

बाबांचं वाचन आठवतं? इमारतीचा नकाशा बाहेर जाण्याआधी दोघं समोरासमोर बसणार, एक प्रत्येक तपशील मोठ्याने वाचणार, दुसरा तांबड्या पेन्सिलीने खूण करणार. लहानपणी तू वाचायचीस आणि मी भिंतीवर खुणा करायचो. मार मात्र मला. एका नकाशाला अख्खी दुपार जायची. मी ते बंद केलं. ज्याने काढला त्यानेच तपासायचा आणि माझ्याकडे सहीला पाठवायचा.

शाळेच्या छज्ज्याचा नकाशा काकांनी काढला. (बाबांचे जुने सहकारी; तू त्यांची सून झालीस तरी माझ्या तोंडी ते काकाच.) छज्ज्यात सळ्या वरच्या अंगाला लागतात, त्यांच्या हातून त्या खाली दाखवल्या गेल्या. संगणकावर हात बसला नव्हता त्यांचा. टेकू काढले आणि छज्जा गवंड्याच्या अंगावर आला; तो जागीच गेला. दोन मुलींचा बाप होता. मी त्याच्या फाटकापर्यंत गेलो आणि परतलो.

चौकशीत काकांनी सरळ सांगितलं, "खूण माझी, चूक माझी." मी शेजारी मान खाली घालून बसलो. लोकांना वाटलं, दुःखाने.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. नकाशा बाहेर जायच्या दिवशी काका तांबडी पेन्सिल घेऊन माझ्या टेबलापाशी आले होते. म्हणाले, "एवढा एकच वाचू या. मला खात्री वाटत नाही. दहा मिनिटं बस समोर." मी सगळ्यांदेखत म्हणालो, "काका, जमत नसेल तर घरी बसा." कोणीतरी हसलं. त्यांनी एकट्यानेच खूण केली आणि मी न बघता सही केली. हे त्यांनी भावोजींनाही सांगितलेलं नाही, नाहीतर भावोजींनी बापाशी बोलणं टाकलं नसतं. मला स्वतःची शिसारी येते गं.

पुढच्या बुधवारी मी पुन्हा जबाब द्यायला जातोय. परवाना जाईल, ऑफिसला कुलूप लागेल, कदाचित आतही जावं लागेल. काका मला गप्प बस म्हणतील. ऐकणार नाही.

एक काम कर. भावोजींना जवळ बसव, काकांच्या हातात तांबडी पेन्सिल दे आणि त्यांच्यासमोर बसून हे पत्र मोठ्याने वाच. एकेका ओळीला त्यांना खूण करू दे. जिथे ते थांबतील, तिथे मी अजून खोटं लिहिलंय असं समज.

खाली सही केलेली नाही. खुणा झालेलं पत्र परत पाठव. बुधवारी जबाब म्हणून हेच देईन आणि सही तिथे करेन.

तुझा धाकटा भाऊ